मागची सीट

अण्णा, तुमची गाडी मी गेल्या महिन्यात देऊन टाकली. तिच्या बदल्यात नवी घेतली. एवढंच सांगायचं होतं, पण कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की एवढं सांगून भागणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. आता माझ्या हाताखालून गेलेली पोरं स्वतःच्या पोरांना शाळेत घालायला आणतात. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी काय लिहिणार होते. आपल्या दोघांत बोलणं व्हायचं ते गाडीबद्दल. हवा बघितलीस का, चेनला तेल घातलंस का, ब्रेक लागतोय ना नीट. तेव्हा सुरुवातही तिथूनच करते.

गाडी वाईट नव्हती. सालवडहून निघायचं, पालघरवरून सफाळे गाठायचं आणि पुढे घाट चढून माझ्या शाळेत पोचायचं, हा तिचा रोजचा रस्ता, आणि तो तिने माझ्यासोबत इमानाने केला. पण गेल्या वर्षापासून ती घाटात दम टाकायला लागली. चढावर मध्येच बंद पडायची आणि मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून इंजिन थंड व्हायची वाट बघायची. एकदा अशीच बसले होते तर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी जंगलातून जळणाची फाटी घेऊन येत होती. तिने डोक्यावरचा भारा उतरवला, माझ्या शेजारी बसली आणि गाडीकडे बघत म्हणाली, "बाय, म्हातारी झाली हाय ती. किती दमवशील तिला?" मी हसले. पण दुसऱ्या दिवशी घाट उतरताना ते वाक्य माझ्या सोबत आलं, तिसऱ्या दिवशीही आलं. त्यात पार्ट मिळेनासे झाले होते. तुमचा तो नाक्यावरचा मेकॅनिक, तो अजून आहे, अण्णा, केस सगळे पांढरे झालेत, तोच म्हणाला की आता हिच्यात जीव अडकवू नको.

बोईसरला नवीन शोरूम झालं आहे. आत गेल्यावर मी सरळ शंभर सीसीच्या गाड्या बघायला गेले, आपल्याला झेपेल ती घ्यावी म्हणून. आणि मग कोपऱ्यातली ती दिसली. गोल मोठा हेडलाइट, पोटाशी फुगलेली टाकी, चकचकीत मडगार्ड, तपकिरी सीट. तुम्हाला आठवतं का, अणुशक्ती केंद्राच्या कॉलनीतले एक साहेब बाजाराच्या दिवशी तसल्या गाडीवरून यायचे? त्यांची गाडी चहाच्या टपरीसमोर उभी असली की तुम्ही चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचात. ही अगदी तशी दिसते, पण आत सगळं नवं, बटण दाबलं की चालू होते, कुठे धूर नाही, गळती नाही. शोरूममधला पोरगेला माणूस म्हणाला, "मॅडम, जुन्याचा लुक आणि नव्याचं इंजिन. सध्या ह्याच जास्त जातात." घरी येऊन आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "जुनी देऊन जुन्यासारखी दिसणारी घेणार व्हय? मग हाय ती काय वाईट हाय?" साताऱ्याची भाषा तिची इथे इतकी वर्षं राहूनही सुटलेली नाही. मला ती गाडी आवडली होती. इतक्या वर्षांत एखादी वस्तू नुसती आवडली म्हणून घ्यावी असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तुमची गाडी घेऊन शोरूमला गेले. जुनी गाडी तपासणारा माणूस वेगळा होता, मध्यम वयाचा, गंभीर. त्याने किक मारून आवाज ऐकला, टायर बघितले, खाली वाकला आणि वाकलेला असतानाच विचारलं, "मागचे फूटरेस्ट कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत म्हणजे? पडले?"

"पहिल्यापासून नाहीत."

तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. "पहिल्यापासून कसे नसतील, मॅडम? कंपनी काय तसंच विकते का? हे बघा, बोल्टची भोकं आहेत. कोणीतरी काढलेत." मग बाजूच्या जाळीवर बोटाने टकटक करून म्हणाला, "साडीगार्ड आहे आणि पाय ठेवायला जागा नाही. बसणारीने करायचं काय?" ते बसवून आणा, नाहीतर किंमत कमी धरतील, असं त्याने सांगितलं. मी बरं म्हणून गाडी बाहेर काढली. रस्त्यावर येऊन थांबले आणि खाली वाकून स्वतः ती भोकं बघितली. गंजून मातीने भरलेली. इतकी वर्षं मी ती गाडी धुतली, पुसली, आणि त्या जागेचा कधी विचार केला नाही. कारण मला माहीत होतं की आपल्या गाडीला दोन माणसं झेपत नाहीत. शाळेतल्या बाईंनी स्टेशनपर्यंत सोड म्हटलं तरी मी तेच सांगायची. मला हे आईने सांगितलं होतं आणि मी ते सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चालले होते.

पण त्याआधीची हीच गाडी मला आठवते, अण्णा. गाडी नवी आहे, मी टाकीवर पुढे बसले आहे, तुमच्या दोन हातांच्या मध्ये, आणि आई मागे. आपण बाजाराला चाललो आहोत. वाऱ्याने माझे डोळे मिटतात आणि तुम्ही म्हणता, "तोंड मिट, चिलटं जातील." आई मागून काहीतरी सांगते, तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही नुसतं हो हो म्हणता, आणि ती तुमच्या पाठीत हलकी चापट मारते. येताना पिशव्या हँडलला अडकवलेल्या असतात आणि माझ्या गुडघ्यांना कोथिंबीर लागत असते. एवढंच. कुठे लांब गेल्याचं आठवत नाही, पण ते दिवस भरलेले होते.

आणि मग तो एक दिवस. मी तिसरी-चौथीत असेन. तुम्ही कामावर निघाला होता, गाडी अंगणात उभी होती, आणि मी नेहमीसारखी नाक्यापर्यंत यायचं म्हणून तुमच्या मागे सीटवर चढून बसले. तुम्ही वळून बघितलं. तुमचा तसला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "उतर," तुम्ही म्हणालात. मला वाटलं थट्टा चालली आहे, मी तुमच्या शर्टला धरलं. तुम्ही ओरडलात, "उतर म्हणतो ना, आधी उतर," आणि माझा दंड धरून खाली ओढलंत. चाळीतली माणसं बाहेर आली. मी रडले नाही, इतकी घाबरले होते. तुम्ही गाडी चालू न करता ती ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेलीत. तुम्ही गेल्यावर आईने मला जवळ घेऊन सांगितलं की इंजिनात बिघाड झालाय, दोघांचं वजन आता झेपत नाही, मेकॅनिकने सांगितलंय, म्हणून अण्णा चिडले. त्यानंतर आई बाजाराला चालत जाऊ लागली, येताना ओझं असलं तर रिक्षाने. तुम्ही एकटेच गाडीवरून जायचात.

बारावीला माझं परीक्षेचं केंद्र पालघरला आलं होतं तेव्हाची गोष्ट तर मी कितीदा लोकांना हसत हसत सांगितली आहे. मी आणि माझ्या मैत्रिणी भरलेल्या रिक्षात, आणि तुम्ही रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, रिक्षाच्या बाजूने गाडी चालवता आहात. रिक्षा हळू झाली की तुम्ही हळू, ती पुढे गेली की तुम्ही पुढे. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझे पप्पा पोलीस आहेत का गं?" मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी मान खाली घालून पुस्तकात बघत राहिले. पालघरला उतरल्यावर तुम्ही खिशातून पेन काढून दिलंत, माझ्याकडे पेनं होती तरी, आणि म्हणालात, "शांतपणे लिही." मग गाडी वळवून झोपायला घरी गेलात. मी तेव्हा मनात म्हटलं होतं की एवढं यायचंच होतं तर मला गाडीवर घेतलं असतंत तर काय झालं असतं.

मला गाडी शिकवली तीही तशीच. औद्योगिक वसाहतीतला रिकामा प्लॉट, रविवारची सकाळ. दुसऱ्यांचे वडील मागे बसून शिकवायचे. तुम्ही बाजूने धावायचात, चपला हातात घेऊन, "क्लच हळू सोड, हळू, घाई नको," असं ओरडत. चाळीतल्या बायकांना मुलीने मोटरसायकल शिकणं पटत नव्हतं. तुम्ही म्हणालात, तिला कुणाच्या मागे बसायची वेळ येऊ नये. मला तो तुमचा मोठेपणा वाटला होता. तो होताच. पण त्या वाक्यात आणखी काय होतं ते मला कळायला तुमची गाडी विकायची वेळ यावी लागली.

शोरूममधून मी तडक नाक्यावर मेकॅनिककडे गेले. म्हटलं, कुठलेही जुने फूटरेस्ट असतील तर बसवून द्या, शोरूमवाल्यांना भोकं रिकामी चालत नाहीत. तो गाडीच्या बाजूला उकिडवा बसला, भोकातली माती पान्ह्याच्या टोकाने उकरू लागला आणि म्हणाला, "मीच काढले हुते हे. तुज्या बापानं काढायला लावले."

"इंजिनला झेपत नव्हतं म्हणून ना?"

त्याने पान्हा खाली ठेवला. "इंजिनला काय झालं नवतं, बाय. हे काढून इंजिनला काय फरक पडतो?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुला कोणी सांगितला नाय का?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्याने सांगितलं, हातातलं काम तसंच ठेवून, मध्ये मध्ये गल्ल्याजवळच्या बाटलीतलं पाणी पीत. तुम्ही ज्या कारखान्यात होता तिथे तुमच्या पाळीत एक बिहारचा हेल्पर होता. त्याने 'बिहारवाला' म्हणताच मला तो माणूस आठवला. तो आपल्याकडे दिवाळीला यायचा, खाली बसून जेवायचा, आणि एकदा गावाहून येताना माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या घेऊन आला होता. त्या मोठ्या झाल्या म्हणून आईने डब्यात ठेवल्या होत्या. मग तो यायचा बंद झाला. आई म्हणाली, गावी गेला.

तो गावी गेला नव्हता. पाइप फुटून उकळतं रसायन त्याच्या अंगावर आलं होतं, छातीपासून खाली. त्याच्या आधी जखमी झालेल्यांना घेऊन कंपनीची गाडी निघून गेली होती आणि दुसरी येईपर्यंत तुम्हाला थांबवेना. तुम्ही त्याच्यावर पाणी ओतलंत, त्याला आपल्या मागे बसवलंत आणि त्याच्याच गमछ्याने त्याला तुमच्या कमरेशी बांधलंत. तो शुद्धीवर होता. सारखं विचारत होता, "भैया, और कितना?" तुम्ही म्हणत होता, "बस, आ गया." त्याचे पाय फूटरेस्टवरून घसरायचे. भाजलेल्या पावलांत टेकून राहायचा जोरच उरला नव्हता. पाय रस्त्यावर घासले जायचे म्हणून तुम्ही गाडी थांबवायचात, उतरता येत नव्हतं बांधलेलं असल्यामुळे, तर मागे हात घालून त्याचा पाय उचलून परत वर ठेवायचात. मग पुढे जायचात. पुन्हा घसरायचे. नाक्याच्या अलीकडे कुठेतरी त्याने विचारणं बंद केलं. तुम्ही मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत म्हणत राहिलात, बस, आ गया.

"दुसऱ्या दिशी आला माज्याकडं," मेकॅनिक म्हणाला. "गाडी ढकलत आणली, बसला नाय तिच्यावर. मला सांगितला, हे मागचे काढ. मी म्हटलं, अरे, घरची बाय बसंल कुठं? तर बोलला, कोणी बसू नये म्हनूनच काढ." तुम्ही टायरवर बसून राहिला होता म्हणे, संध्याकाळपर्यंत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. मी पाय उचलायला थांबलो नसतो तर तो पोचला असता का? मेकॅनिक म्हणाला, मी काय सांगणार, मी काय डाक्टर हाय?

मी तिथे उभी राहिले. रस्त्याने कंपन्यांच्या बसेस जात होत्या, पाळी सुटली होती. त्याने जुने, एकमेकांशी न जुळणारे दोन फूटरेस्ट शोधून बसवले, ओढून बघितले आणि हात पुसले. पैसे घेतले नाहीत.

घरी आले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती. तिची नजर सरळ तिथेच गेली. तिने सूप बाजूला ठेवलं, उठून गाडीजवळ आली आणि चपलेच्या टोकाने एक फूटरेस्ट खाली पाडून बघितला, पुन्हा वर केला. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "आई, बस. नाक्यापर्यंत एक चक्कर मारू. उद्या द्यायचीच आहे."

"ह्याच्यावर नगं," ती म्हणाली. "ह्यांनी बसू दिलं न्हाई त्याच्यावर मी न्हाई बसायची."

मग मी तिला मेकॅनिकने सांगितलेलं सांगायला लागले. मला वाटत होतं की हे तिला सांगावं लागणार, सांभाळून सांगावं लागणार. मी दोन वाक्यं बोलले असेन नसेन, ती म्हणाली, "मला ठाव हाय गं. शर्ट मीच धुतला."

त्या दिवशी तुम्ही मोरीत शर्ट टाकून, न जेवता झोपला होता. तिने तो पाण्यात बुडवला तर पाठीचं कापड हाताशी आलं, ओल्या पापडासारखं. मग दिवसभर चाळीतल्या बायका काय काय बोलत होत्या त्यातून तिने उरलेलं जुळवलं. तुमच्या पाठीवर खांद्याखाली जे पांढरट डाग होते, ज्यांना ती रोज खोबरेल लावायची, ते तिने मला घामोळ्यांचे सांगितले होते. मी विचारलं, "मग तू अण्णांशी कधी बोलली नाहीस?" ती पुन्हा सुपापाशी जाऊन बसली. "ते बोलले न्हाईत, मी इचारलं न्हाई. म्हटलं, सांगावंसं वाटंल तेव्हा सांगतील. तुला सांगायला इंजिनाचं काढलं मी. ते त्यांनी ऐकलं, आणि मग तेच धरून चालले. कुणी इचारलं की ते बी म्हणायचे, इंजिन दोघांना ओढत न्हाई." तिने एक खडा काढून अंगणात फेकला. "चालायची मला सवय हुती. त्याचं काय न्हाई. पण जरा बसून जायचं असतं गं माणसाला कधी. बाजूनं गाडी जायची ह्यांची, आणि मी पिशवी घेऊन रस्त्यानं. ते मान वळवून बघायचे न्हाईत. मला कळायचं, बघवत न्हाई म्हणून बघत न्हाईत."

अण्णा, तुम्ही शेवटच्या दिवसांत छाती धरून बसायचात तेव्हा मी म्हटलं होतं, चला, मी गाडीवरून नेते दवाखान्यात, कशीही नेते. तुम्ही म्हणालात, रिक्षा बोलव. मला वाटलं, माझ्या चालवण्यावर भरवसा नाही. तुम्हीच शिकवलेल्या हातांवर नाही. ते मी मनात ठेवून होते, कुणाला न सांगता, अगदी परवापर्यंत. ते आता गेलं. पण ते जाऊन त्या जागी जे आलं ते अधिक जड आहे. त्या रिक्षात तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि मी तुम्हाला म्हणत होते, आलंच अण्णा, पोचलोच. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं असेल? तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे एकदा बघितलंत आणि हसल्यासारखं केलंत. मी समजले, बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी गाडी दिली. त्या गंभीर माणसाने फूटरेस्ट बघून मान हलवली, सह्या घेतल्या आणि किल्ली मागितली. किल्लीला तुम्ही लावलेली पितळी साखळी होती ती मी काढून घ्यायला विसरले, आठवलं तेव्हा मागायला संकोच वाटला. एका माणसाने तुमची गाडी ढकलत मागच्या शेडमध्ये नेली. तिथे तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. ती त्यांच्यात उभी राहिली आणि मग कुठली आपली ते मला लांबून ओळखता येईना. मी खूप रडेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला, शोरूमवाल्याने फोटो काढला, त्यात मी डोळे मिटलेली आले आहे.

पहिल्या रविवारी आईला म्हटलं, चल. ती आत गेली, सुती इरकल नेसून आली, पायात माझे बूट घातले, केस नीट केले. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, घिवलीला. तिच्याबरोबर पूर्वी चाळीत राहणारी एक बाई तिथली होती, तिने कितीदा बोलावलं होतं, जाणं झालं नव्हतं. आई एका बाजूला पाय सोडून बसली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा सीटच्या मागच्या कड्याला. गाडी निघाली. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिचा हात अगदी सैल होता. कारखाने मागे पडले, रसायनांचा तो वास मागे पडला, अणुशक्ती केंद्राकडे जाणारा रस्ता सोडून आम्ही किनाऱ्याच्या बाजूला वळलो. दोन्हीकडे ताडाची झाडं लागली. आणि मागून काही आवाज नाही. मी आरशात बघितलं तर तिचा नुसता पदर दिसत होता. मी वेग कमी केला.

"आई, काहीतरी बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काही पण. बोलत राहा."

"वाऱ्यानं तोंड कोरडं पडतंय," ती म्हणाली. आणि मग बोलत राहिली. हे घर केवढं बांधलंय, त्या झाडाला कैऱ्या किती लागल्यात, ती बघ म्हैस रस्त्यात. तिला कळलं होतं का मी का सांगते आहे? मला वाटतं कळलं होतं. तिने पोचेपर्यंत एक क्षण खंड पडू दिला नाही.

घिवलीला ती मैत्रीण भेटली नाही, मुलाकडे विरारला गेली होती. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या कडेने चालत आम्ही पाण्यापर्यंत गेलो. पलीकडे केंद्राच्या इमारती दिसत होत्या. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. आई बूट काढून ओल्या वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या बिहारवाल्याची बायको आली हुती. तेरवीनंतर. ह्यांच्या पाया पडली, म्हणाली, तुम्ही नेलंत त्याला, एकटा सोडला न्हाईत. हे त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून रडले. मी बाहेर हुते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा आत जायला पायजे हुतं मी." मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. मासे वाळत घालणारी एक बाई लांबून आमच्याकडे बघत होती, तिने ओरडून विचारलं, "कोन हवे का तुमाना?" आई म्हणाली, "कोण नको, बाई, असंच आलोय."

आता दर रविवारी तिला कुठेतरी जायचं असतं. मागच्या रविवारी पालघरला नेलं, तिथे तिने भजी खाल्ली आणि चाळीतल्या सगळ्यांना सांगितलं. ती गाडीवरून उतरली की तिच्या गालांना लाली आलेली असते, चेहरा दहा वर्षांनी मागे गेलेला. शेजारणींना म्हणते, आमची मोटरसायकल. मी तिला हे कधी सांगणार नाही, पण तुम्हाला सांगते. ती मागे बसली की मला भीती वाटते, अण्णा. दर वेळी. गाडी चालू करायच्या आधी मी दोनदा तिचे पाय नीट आहेत का बघते, आणि रस्ताभर माझ्या खांद्यावरच्या तिच्या हाताचं वजन मोजत राहते. तुम्ही काढून टाकलेलं मी परत बसवलं म्हणजे मी तुमच्यापेक्षा धीट आहे असं नाही.

आजही रविवार आहे. पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते वहीतच राहील. आई तयार होऊन, बूट घालून, केव्हाची दारात उभी आहे. मघाशी तिने विचारलं, "किती वेळ गं अजून?" मी म्हटलं, शाळेचं थोडं लिहायचं राहिलंय, पाच मिनिटं थांब. शाळेचं काही राहिलेलं नाही. मी उठायला वेळ काढते आहे.